थंपरचा डायोड स्टॅक पुन्हा पुन्हा का जातो: तीनदा उघडलेल्या एका चार्जरची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात फोंड्याला माझ्या वर्कशॉपमध्ये एकच थंपर, म्हणजे जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट शोधायचे यंत्र, तीन वेळा आला. पहिल्यांदा जूनमध्ये, मग जुलै संपता संपता, आणि तिसऱ्यांदा चवथीला (गणेश चतुर्थीला) चार दिवस राहिले असताना. तक्रार दर वेळी तीच: "चार्ज होत नाही, फ्यूज उडतो." दर वेळी उघडल्यावर सापडलेही तेच. आउटपुटच्या ब्रिजमधले (एसीचे डीसी करणाऱ्या जुळणीतले) दोन डायोड स्टॅक, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या डायोडच्या ओळी, शॉर्ट. पहिल्या दोन वेळा मी स्टॅक बदलले, बेंचवर पन्नास ठोके मारून पाहिले आणि यंत्र परत दिले. तिसऱ्या वेळी मात्र हात थांबला. चवथीच्या तोंडावर वाडाच्या वाडा अंधारात बसला तर लोक काय म्हणतात ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि केबलचे काम करणारी ती पोरे माझ्या भरवशावर होती. म्हणून त्या वेळी जे शोधले ते सगळे इथे लिहितो. हाच दोष मी नंतर आणखी दोन यंत्रांत पाहिला.

ज्यांनी थंपर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीखालची केबल फुटली की वरून काही दिसत नाही. म्हणून एक मोठा कपॅसिटर हजारो व्होल्टपर्यंत भरायचा आणि स्पार्क गॅपमधून (ठिणगी पडली की जोडणाऱ्या फटीतून) एका झटक्यात केबलमध्ये रिकामा करायचा. फॉल्टच्या जागी ठिणगी पडते, मातीखालून 'धप्प' असा आवाज येतो, आणि मायक्रोफोन जमिनीला लावून चालणारा माणूस तो ऐकून कुठे खणायचे ते दाखवतो. या यंत्रात ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि तो जास्तीत जास्त १६ किलोव्होल्टपर्यंत भरतो, म्हणजे एका ठोक्यात १०२४ ज्यूल. चार्जर स्विचमोड, म्हणजे वीज वेगाने तोडून-जोडून चढवणारा, आहे; ३२ मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह देणारा. पूर्ण भरायला त्याला ४ सेकंद लागतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ती कृपा करून ओलांडून जाऊ नका. १०२४ ज्यूल माणसाला जागीच मारतात. या यंत्रात कपॅसिटरला समांतर १०० मेगओहमचा ब्लीडर, म्हणजे तो हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर, आहे. तो आहे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये, कारण त्याच्यावर सोडले तर कपॅसिटर धोक्याच्या खाली यायला तास-सव्वा तास जातो. खरा भरवसा डम्प रिलेवर, आणि तोही असा हवा की वीज गेली की त्याचे संपर्क आपोआप जुळून कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करेल. त्यानंतर डिस्चार्ज रॉड लावायचा आणि त्यावर तांब्याची वेणी पक्की बांधूनच झाकण उघडायचे. एकदा रिकामा केलेला कपॅसिटर उघडा ठेवला तर आतल्या डायइलेक्ट्रिकमध्ये (प्लेटांमधल्या इन्सुलेशनमध्ये) मुरलेला चार्ज पुन्हा टर्मिनलवर येतो. काम संपेपर्यंत वेणी काढायची नाही.

पहिल्या दोन वेळा मी काय चुकलो

पहिल्यांदा उघडले तेव्हा आत मायक्रोवेव्ह ओव्हनचे डायोड दिसले. आधी कोणीतरी मूळ स्टॅक न मिळाल्याने तेच ओळीने जोडून बसवले होते. हे डायोड सहज मिळतात, व्होल्टेजही भरपूर सोसतात, पण ते ५० हर्ट्झच्या कामासाठी केलेले असतात. या चार्जरचा इन्व्हर्टर काही हजार हर्ट्झवर चालतो. तिथे डायोड बंद व्हायला वेळ लावतो, तेवढ्या वेळात उलटा प्रवाह वाहतो आणि तो तापतो. मला वाटले, कारण सापडले. फास्ट रिकव्हरीचे, म्हणजे झटकन बंद होणारे, स्टॅक मागवून बसवले. ते बदलायला हवेच होते, पण रोग तो नव्हता.

दुसऱ्यांदा मी हवेला दोष दिला. जुलैमध्ये आपल्याकडे आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, आणि ही व्हॅन कधी वेर्णाच्या पठारावर तर कधी कळंगुटच्या किनाऱ्यालगत उभी असते. स्टॅकवरून पृष्ठभागाने ठिणगी गेली असेल असे धरून मी सगळे नीट पुसले, सुकवले, सिलिकॉनमध्ये बुडवले. तीन आठवडे चालले आणि पुन्हा गेले.

जाता जाता: स्टॅक चांगला आहे की नाही हे मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर कळत नाही. आत अनेक डायोड ओळीने असल्याने सरळ दिशेतही त्याला दहा-वीस व्होल्ट लागतात, मीटर तेवढे देतच नाही. ३० व्होल्टचा सप्लाय आणि ओळीत १० किलोओहम लावून सरळ दिशा तपासा. उलटी दिशा ५ किलोव्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर).

तिसऱ्यांदा यंत्र आले तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि बरोबर आलेल्या लाइनमनला चहा देऊन विचारले, नक्की कधी जाते? त्याने जे सांगितले ते मी जूनमध्येच विचारायला हवे होते. तो म्हणाला, "बाब, लांबच्या फॉल्टाला काही होत नाही. दिवसभर ठोकले तरी चालते. फॉल्ट जवळ असला आणि घट्ट शॉर्ट असला की चार-पाच ठोक्यांत गप्प."

जवळचा, घट्ट शॉर्ट. हवा, ओल, उष्णता यांपैकी कशालाच फॉल्ट किती लांब आहे हे ठाऊक नसते. ते ठाऊक असते फक्त डिस्चार्जच्या प्रवाहाला.

कपॅसिटर उलटा भरतो

कपॅसिटर, केबल आणि फॉल्ट मिळून एक झोका तयार होतो. केबलमध्ये इंडक्टन्स असतो. कपॅसिटर रिकामा होऊन शून्यावर येतो त्या क्षणी प्रवाह जवळजवळ शिगेला असतो, आणि इंडक्टन्स तो प्रवाह एकदम थांबू देत नाही. तो पुढे ढकलत राहतो, म्हणून कपॅसिटर शून्य ओलांडून उलट्या दिशेने भरू लागतो. रेझिस्टन्स भरपूर असेल तर झोका पहिल्यांदाच मरतो. कमी असेल तर कपॅसिटरचे व्होल्टेज ऋण बाजूला खोलवर जाते.

११ केव्हीच्या एका केबलवर आकडे मांडून पाहू. कंडक्टरमधून जाऊन स्क्रीनमधून (इन्सुलेशनभोवतीच्या धातूच्या आवरणातून) परतणाऱ्या वाटेचा इंडक्टन्स किलोमीटरला साधारण १०० मायक्रोहेन्री धरतो. फॉल्ट ५०० मीटरवर असेल तर ५० मायक्रोहेन्री, लीड आणि यंत्राच्या आतले मिळून ६०. कंडक्टर, तांब्याच्या पट्टीचा स्क्रीन आणि ठिणगी यांचा रेझिस्टन्स ०.७ ओहम धरू. ६० मायक्रोहेन्रीला ८ मायक्रोफॅरडने भागून वर्गमूळ काढले की २.७ ओहम येतात. झोका पूर्ण थोपवायला याच्या दुप्पट, म्हणजे साडेपाच ओहमच्या आसपास रेझिस्टन्स हवा. आपल्याकडे आहेत ०.७. झोक्याची वारंवारता ७ किलोहर्ट्झच्या आसपास, अर्धा झोका ७० मायक्रोसेकंदांचा. १२ किलोव्होल्टवर ठोका मारला तर प्रवाह साडेतीन हजार अँपिअरच्या वर जातो आणि कपॅसिटर उलटून उणे ८ किलोव्होल्टपर्यंत पोहोचतो.

आता फॉल्ट ३ किलोमीटरवर न्या. इंडक्टन्स वाढतो, पण त्याचे वर्गमूळच हिशेबात येते, रेझिस्टन्स मात्र अंतराच्या पटीत वाढतो. म्हणून झोका लवकर मरतो, उलटे व्होल्टेज चाळीस टक्क्यांच्या खाली येते आणि प्रवाहही निम्म्याहून कमी होतो. लाइनमनने चार शब्दांत सांगितले होते ते हेच.

चार्जरच्या दृष्टीने पाहा. त्याचा ब्रिज कपॅसिटरला जोडलेला आहे. कपॅसिटर धन असतो तोवर डायोड त्याला अडवून धरतात. तो ऋण व्हायला लागताच ब्रिजमधले सगळे डायोड सरळ दिशेत येतात आणि केबलच्या इंडक्टन्समधल्या प्रवाहाला चार्जरमधून वाट मिळते. काही शे मिलिअँपिअरसाठी घेतलेल्या स्टॅकमधून हजारांत मोजावा असा प्रवाह धावतो. एका ठोक्यात तो फुटेलच असे नाही. आतल्या एखाद्या डायोडच्या जंक्शनला इजा होते, पुढच्या ठोक्याला शेजाऱ्याला, आणि पाचव्या ठोक्याला ओळ शॉर्ट. ब्रिजमध्ये दोन ओळी समांतर असतात, प्रवाह त्यांत सारखा वाटला जात नाही; एका ओळीचे दोन स्टॅक जातात आणि दुसरी वाचते. माझ्या समोर तीन वेळा नेमके तेच पडले होते.

अशा वेळी काम करायचे म्हणून एक रेझिस्टर असतो, चार्जर आणि कपॅसिटर यांच्या मधला. मी तो शोधायला गेलो तर त्या जागी दोन सिरॅमिक खांब होते, त्यांच्या मागच्या पत्र्यावर तपकिरी डाग होता, आणि खांबांना जोडणारी एक सरळ वायर. रेझिस्टर कधीतरी जळाला होता आणि माझ्या आधीच्या कुणीतरी तो "उगाच पॉवर खातो" म्हणून किंवा मिळाला नाही म्हणून थेट जोडून टाकला होता. दोन वेळा मी त्या वायरीवरून हात फिरवला आणि ती मूळचीच समजलो. याचे मला अजून वाईट वाटते.

तो किती पॉवर खात होता ते मोजा. ३२ मिलिअँपिअर, १ किलोओहम: साधारण १ वॅट. चार्जर भरताना सरासरी २५६ वॅट देतो. एका वॅटच्या मोबदल्यात तीन वेळा स्टॅक, तीन वेळा व्हॅनची खेप आणि चवथीच्या आठवड्यात चार वाड्यांचा अंधार.

रेझिस्टर कसला घ्यायचा

१ किलोओहम लावल्यावर उणे ८ किलोव्होल्टला डायोडमधून ८ अँपिअर जातात, आणि तेही ७० मायक्रोसेकंद. चांगला स्टॅक एवढा क्षणिक प्रवाह सोसतो, पण निवडताना डेटाशीटमधला सर्ज करंट बघा, फक्त व्होल्टेज बघून घेऊ नका. एका ठोक्याला रेझिस्टरमध्ये झोक्याच्या सगळ्या उलट्या फेऱ्या मिळून पावणेतीन ज्यूलच्या आसपास जातात. उष्णतेच्या दृष्टीने हे क्षुल्लक आहे.

घात होतो तो व्होल्टेजमध्ये. १६ किलोव्होल्टवर ठोका मारला की कपॅसिटर ७० मायक्रोसेकंदांत उणे साडेदहा-अकरा किलोव्होल्टवर जातो, आणि ब्रिजचे डायोड सरळ दिशेत असल्याने त्यांच्यावर फारसे व्होल्टेज उरत नाही. जवळजवळ सगळे मधल्या रेझिस्टरवर येते. मी आधी २५ वॅटचा वायरवाउंड बसवला. बेंचवर तिसऱ्याच ठोक्याला त्याच्या वेढ्यांवरून निळी ठिणगी सरकताना दिसली. मूळ रेझिस्टरही असाच गेला असावा. पत्र्यावरचा डाग त्याच्या लांबीभर पसरलेला होता.

शेवटी १०० ओहमचे दहा सिरॅमिक कंपोझिशन रेझिस्टर ओळीने अॅक्रिलिकच्या नळीत बसवले. या रेझिस्टरमध्ये वेढे नसतात, सगळा गाभा प्रवाह वाहतो, त्यामुळे झटका सगळीकडे सारखा वाटला जातो. प्रत्येकावर जास्तीत जास्त अकराशे व्होल्ट. शिवाय ब्रिजच्या आउटपुटवर उलटा एक वेगळा क्लॅम्प स्टॅक लावला. ब्रिजमधून जाताना प्रवाहाला दोन स्टॅक ओलांडावे लागतात, क्लॅम्पमधून एकच, म्हणून उलट्या प्रवाहाचा मोठा वाटा क्लॅम्पने घेतला. नवा चार्जर बनवत असाल तर हे दोन्ही पहिल्या दिवसापासून ठेवा.

एका अनुभवी मित्राने सुचवले की डिस्चार्जच्या वाटेतच पाच ओहम टाक, झोकाच मरेल. मरेल हे खरे. पण मग १०२४ ज्यूलपैकी जवळजवळ नव्वद टक्के त्या रेझिस्टरमध्येच जिरतील आणि फॉल्टपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोहोचेल. रस्त्यावर मायक्रोफोन लावून उभ्या असलेल्या माणसाला मग ऐकू काय येणार? ठोका ठोक्यासारखा राहू द्यावा आणि चार्जरला त्याच्यापासून वाचवावे, हे माझे मत आहे. लेझरच्या फ्लॅशलॅम्पसारख्या लोडला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे कपॅसिटर, कॉइल आणि दिवा मिळून झोका मुळातच थोपवला जाईल अशी जुळणी करतात, म्हणून त्या चार्जरचा नमुना उचलून थंपरला लावू नका.

कपॅसिटरकडेही लक्ष द्या. पल्स कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये किती टक्के व्होल्टेज रिव्हर्सल (उलटे भरणे) चालेल ते लिहिलेले असते आणि त्यावर त्याचे आयुष्य ठरते. कमी रिव्हर्सलचा कपॅसिटर स्वस्त मिळतो म्हणून थंपरला लावला तर तो फुगून जाईल आणि दोष पुन्हा चार्जरवर येईल.

बेंचवर का दिसले नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. पन्नास ठोके बेंचवर आणि एकही चूक नाही, मग रस्त्यावर पाचव्या ठोक्याला का? कारण माझा डमी लोड, म्हणजे तपासताना केबलऐवजी लावायचा लोड, मिठाच्या पाण्याची नळी होती, साधारण ५० ओहमची. ५० ओहमवर कपॅसिटर शांतपणे रिकामा होतो, शून्य ओलांडतच नाही. मी यंत्राला कधीच न भेटणाऱ्या लोडवर तपासून पास करत होतो.

आता माझ्याकडे दुसरा डमी आहे. १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर जाड इन्सुलेटेड वायरचे २५ वेढे, २०० मिलिमीटर लांबीत पसरून. त्याचे ६० मायक्रोहेन्री होतात. ओळीत अर्ध्या ओहमचा जाड नायक्रोम पट्टीचा रेझिस्टर. वेढे दोन्ही टोकांना आणि मध्ये घट्ट बांधा. हजारो अँपिअरच्या झटक्याला वायर जागा सोडायला बघते, मी पहिली कॉइल सैल बांधली होती आणि ती दहा ठोक्यांत वाकडी झाली. या डमीवर स्टॅक टिकला तर रस्त्यावर टिकतो.

रिव्हर्सल डोळ्यांनी बघायचे असेल तर मल्टिमीटरला जोडायची साधी एचव्ही प्रोब निरुपयोगी आहे. ती ७० मायक्रोसेकंदांचे काही दाखवत नाही. स्कोपसाठीची, कॉम्पेन्सेट केलेली हजारास एक प्रोब हवी. ती नसेल तर प्रवाह मोजायची रोगोव्स्की कॉइल चार्जरच्या आउटपुट वायरीभोवती गुंडाळा. रेझिस्टर जागेवर असेल तर ठोका पडताना त्या वायरीत फार तर आठ-दहा अँपिअर वाहायला हवेत. त्याहून कितीतरी जास्त दिसले तर उलट्या प्रवाहाला अडवणारे मध्ये काही नाही.

पावसाळ्यात ठोका मऊ का पडतो

तीच पोरे आणखी एक तक्रार करत होती: पाऊस लागला की मीटर १६ दाखवते, पण ठोका मऊ येतो. यात डायोडचा काही संबंध नाही, तरी दोन्ही तक्रारी एकत्र आल्याने मी गोंधळलो होतो. म्हणून वेगळे लिहितो.

व्होल्टेज मोजणारा डिव्हायडर वरच्या बाजूला १० मेगओहमचे १६ रेझिस्टर, म्हणजे १६० मेगओहम, आणि खाली १०० किलोओहम असा आहे. १६ किलोव्होल्टला त्यातून १०० मायक्रोअँपिअर वाहतात. इतक्या बारीक प्रवाहाला बोर्डावरची ओलसर, खारट धूळसुद्धा मोठी वाट असते. वरच्या ओळीवरून असा १००० मेगओहमचा पापुद्रा तयार झाला तर तिचा रेझिस्टन्स १३८ मेगओहमवर येतो. कंट्रोलरला १६ दिसते तेव्हा कपॅसिटरवर खरे १३.८ असते. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर जाते, त्यामुळे ठोका चौथ्या हिश्शाने हलका होतो. लाइनमनच्या कानाने ते अचूक पकडले होते.

पापुद्रा खालच्या रेझिस्टरवर आला तर उलटे होते, आणि ते जास्त भयंकर. १०० किलोओहमला समांतर १ मेगओहम आला की कंट्रोलरला खरे व्होल्टेज नऊ टक्के कमी दिसते आणि तो साडेसतरा किलोव्होल्टपर्यंत भरत जातो. कपॅसिटर आणि केबल दोन्हींवर घाला. म्हणून नियंत्रणासाठी एक डिव्हायडर आणि ओव्हरव्होल्टेजला ट्रिप करण्यासाठी दुसरा, वेगळ्या जागी बसवलेला, असे दोन हवेतच. एकाच डोळ्याने बघणारा आणि त्याच डोळ्यावर पहारा ठेवणारा कंट्रोलर मी आता हातातून बाहेर जाऊ देत नाही.

तपासणी सोपी आहे. बाहेरची प्रोब लावून ५ किलोव्होल्टवर दोन्ही आकडे जुळवा. जुळले नाहीत तर सगळे रिकामे करून, वेणी बांधून, डिव्हायडरवर दहा मिनिटे हेअर ड्रायरची गरम हवा सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा सरकला तर ओल आहे. सरकला नाही तर एखादा रेझिस्टर खरोखर बदललेला आहे. ओल असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, ६० अंशांवर काही तास सुकवा आणि लगेच सिलिकॉन कोटिंग द्या. न धुता कोटिंग दिले तर मीठ आतच कोंडले जाते. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मी आता हे काम मे महिन्यातच उरकून घेतो.

आणखी तीन गोष्टी, थोडक्यात

पहिला ठोका बसतो आणि मग व्होल्टेज वर चढतच नाही, अशी तक्रार असेल तर चार्जर ठोक्याच्या वेळी बंद होतो का ते पाहा. तो चालू राहिला तर त्याचे ३२ मिलिअँपिअर स्पार्क गॅपमधली वाट तापलेली ठेवतात, गॅप पुन्हा बंद होत नाही आणि सगळा प्रवाह तिथूनच निसटतो. ठोक्यानंतर १०० मिलिसेकंद चार्जर थोपवला की हे थांबते.

छोटा जनरेटर घुसमटतो. स्थिर प्रवाहाने भरताना पॉवर शून्यापासून सरळ रेषेत चढते आणि शेवटी ५१२ वॅटला पोहोचते. सरासरीच्या बरोबर दुप्पट. चार्जरमध्ये वाया जाणारी पॉवर आणि वाईट पॉवर फॅक्टर धरला तर त्या शेवटच्या क्षणी जनरेटरकडून १ केव्हीएच्या आसपास मागणी होते. २५६ वॅट बघून १ केव्हीएचा जनरेटर आणलेला असतो, तो प्रत्येक ठोक्याला बसतो आणि उठतो. भरायचा वेळ ८ सेकंद करा, शिखर निम्म्यावर येते.

आणि अर्थिंग. यावर मी कितीही लिहीन. डिस्चार्जचा परतीचा प्रवाह केबलच्या स्क्रीनमधूनच यायला हवा, जाड आणि आखूड वेणीने, त्याच टर्मिनेशनवरून (केबलच्या जोडायच्या टोकावरून). पर्वरीच्या किंवा वेर्णाच्या पठारावर जांभ्यात रॉड फूटभर गेला तर नशीब. त्याचा रेझिस्टन्स भरमसाट असतो. स्क्रीनची जोडणी सैल राहिली आणि परतीची वाट त्या रॉडवर गेली, तर कपॅसिटरचे बहुतेक व्होल्टेज व्हॅनच्या सांगाड्यावर येते. कंट्रोल कार्ड जाणे ही त्यातली सगळ्यात स्वस्त हानी. व्हॅनला हात लावून पावसात उभा असलेला माणूस तिथे असतो. मोसमात दोनदा कंट्रोल कार्ड जळालेली एक व्हॅन मी पाहिली, आणि क्लॅम्पखाली रंग खरवडलेला नव्हता एवढेच कारण निघाले. ठोके सुरू करण्याआधी यंत्राच्या परतीच्या टर्मिनलपासून केबलच्या स्क्रीनपर्यंत लो-ओहम मीटरने मोजा. अर्ध्या ओहमच्या वर काही दिसले तर ठोका मारू नका.

व्होल्टेजही लागेल तेवढेच. जुन्या एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलमध्ये पाण्याच्या बारीक फांद्या पसरलेल्या असतात, तिला १६ किलोव्होल्टचे शेकडो ठोके दिले तर आजचा फॉल्ट सापडेल आणि महिन्याभरात दुसरा तयार होईल. ८ वर आवाज येत असेल तर ८ वरच काम करा.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी ते यंत्र डिचोलीजवळ गेले. फॉल्ट टर्मिनेशनपासून दोनशे मीटरवरच्या जॉइंटमध्ये होता, जवळचा आणि घट्ट, आधी स्टॅक खाणारा अगदी तसलाच. रात्री साडेअकराला लाइनमनचा फोन आला तेव्हा त्यांनी चाळीस ठोके मारून जॉइंट उघडला होता. त्यानंतर ते यंत्र चार्जरसाठी माझ्याकडे आलेले नाही.

तुमचा थंपर कोणाकडेही दुरुस्तीला नेणार असाल तर त्याबरोबर एक चिठ्ठी द्या: केबल किती लांबीची होती, फॉल्ट किती मीटरवर निघाला, किती किलोव्होल्टवर किती ठोके झाले, पाऊस होता का, आणि परतीची वेणी कुठे जोडली होती. नुसते "चार्ज होत नाही" एवढे लिहून पाठवू नका.